विमानतळाचे टर्मिनल आणि भूकंप: आधी सरकण्याचा हिशेब

बडोद्यातल्या एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न थोडक्यात असा: "मी स्ट्रक्चरल विषयात एम.ई. करतो आहे. प्रोजेक्टसाठी झोन ५ मधले (भूकंपाचा मोठा धोका असलेल्या पट्ट्यातले) साधारण एक लाख चौरस मीटरचे दोन मजली टर्मिनल घेतले आहे. छताचे गाळे मोठे आहेत. गाइड म्हणतात, बेस आयसोलेशन (पाया आणि इमारत यांच्यामध्ये मऊ थर) घे. कन्सल्टन्सीतले सीनिअर म्हणतात, कोडप्रमाणे डक्टाइल, म्हणजे वाकेल पण तुटणार नाही अशी, फ्रेम केली की पुरे. सुरुवात कुठून करू? आणि आपल्या बडोद्याच्या हरणी विमानतळाच्या टर्मिनलला यातले काय लागू पडते?"

तुमचे गाइड आणि तुमचे सीनिअर दोघेही बरोबर असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. भूकंपात आतली माणसे कशी वाचतील, हे सीनिअर सांगतात. दुसऱ्या दिवशी विमाने कशी सुटतील, हे गाइड सांगतात. टर्मिनल घेतले की हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही.

२६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छ हादरले, तेव्हा इथे रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारातही लोक घराबाहेर धावले होते. रस्ते, रेल्वे, टेलिफोन सगळे विस्कळीत झाल्यावर भूजला डॉक्टर, तंबू आणि औषधे पोहोचवायला विमान हाच सर्वांत जलद मार्ग उरला. २०१० मध्ये हैतीत पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळाचा नियंत्रण मनोरा आणि टर्मिनल निकामी झाले, आणि जगभरातून निघालेली मदत आकाशात घिरट्या घालत राहिली. २०१५ ला काठमांडूत एकाच धावपट्टीवर इतका भार आला की मोठ्या विमानांना बंदी घालावी लागली. भूकंपानंतर विमानतळ हे गावाचे प्रवेशद्वार बनते. ते बंद पडले तर त्याची किंमत टर्मिनलच्या आत नसलेल्या माणसांनाही मोजावी लागते.

आता चिलीचे उदाहरण नीट पाहा, कारण तुमच्या प्रोजेक्टला ते सर्वांत जवळचे आहे. २७ फेब्रुवारी २०१० चा भूकंप ८.८ तीव्रतेचा होता. सँटियागोच्या विमानतळाचा मुख्य सांगाडा त्यातून तरला. तरीही टर्मिनल बरेच दिवस बंद होते आणि प्रवाशांसाठी बाहेर तंबू उभारावे लागले. आतली छते, पाइप, एसीची यंत्रणा, काचा असे बरेच काही पडले किंवा फुटले होते. कोडच्या दृष्टीने इमारत उत्तीर्ण झाली होती, पण विमानतळ म्हणून ती उपयोगाची राहिली नव्हती.

म्हणून सुरुवातीबद्दल माझे सांगणे असे: बळापासून सुरुवात करू नका, सरकण्यापासून करा. भूकंपात टर्मिनलचा कोणता भाग कोणत्या भागाच्या तुलनेत किती सरकेल आणि त्या सरकण्याच्या वाटेत काय काय येते, हे आधी कागदावर मांडा. बीम-कॉलमचे आकार नंतर ठरवा.

असे का, ते ढोबळ आकड्यांवरून दिसेल. आयएस १८९३ भाग १, म्हणजे भूकंपासाठीचा भारतीय कोड, याची २०१६ ची आवृत्ती घ्या. झोन ५ चा फॅक्टर ०.३६. विमानतळ महत्त्वाच्या सेवांच्या यादीत येतो, म्हणून इम्पॉर्टन्स फॅक्टर १.५. आयएस १३९२० प्रमाणे डक्टाइल तपशील असलेली स्पेशल फ्रेम केली तर आर, म्हणजे बळ ज्याने भागायचे तो आकडा, ५. जमीन मध्यम आणि फ्रेमचा आवर्तकाल (एका झोक्याला लागणारा वेळ) ०.६ सेकंद धरला तर कोडच्या आलेखावरून २.२७ हा गुणांक येतो. म्हणजे कोडने धरलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपात इमारतीला अजिबात इजा होऊ द्यायची नसेल, तर तिला स्वतःच्या वजनाच्या ८२ टक्के आडवे बळ पेलावे लागेल. आपण डिझाइन करतो ते ०.१८ (०.३६ चे निम्मे) गुणिले १.५, भागिले ५, गुणिले २.२७, म्हणजे जेमतेम १२ टक्क्यांसाठी. मधली तफावत थोडीफार साहित्याच्या जादा ताकदीतून भरून निघते. बाकीची बीमच्या टोकांशी सळ्या ताणल्या जाऊन आणि काँक्रीटला तडे जाऊन भरून निघते. हे नुकसान आपण ठरवून स्वीकारलेले असते. उभ्या-आडव्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगा जवळजवळ बांधल्या आणि कॉलम बीमपेक्षा मजबूत ठेवले, तर इमारत वाकते पण कोसळत नाही.

राहत्या इमारतीसाठी हा सौदा प्रामाणिक आहे. टर्मिनलसाठी त्यात एक अडचण आहे: १२ टक्क्यांच्या हिशेबात जे सरकणे दिसते, ते प्रत्यक्षात त्याच्या कैक पट असते. कोड प्रत्येक मजल्याला उंचीच्या ०.००४ पट सापेक्ष सरकणे देतो. टर्मिनलचा मजला सहज ८ मीटर उंच असतो, म्हणजे ३२ मिलिमीटर. पण हे कमी केलेल्या बळाखालचे सरकणे झाले. खरे सरकणे काढायला त्याला आरने गुणा: १६० मिलिमीटर. मर्यादेपर्यंत सरकू दिलेल्या अशा इमारतीत ८ मीटर उंच काचेच्या भिंतीचा माथा तळापासून वीतभर बाजूला जातो. काच, तिची चौकट, तिच्यामागची पाइप आणि शेजारचा सरकता जिना या सगळ्यांनी ते सोसायचे आहे. सांगाड्याच्या डिझाइनमध्ये हा आकडा कुठेच लाल रंगात येत नाही, म्हणून तो नजरेतून निसटतो.

या आकड्याचे काय करायचे ते पाहण्याआधी जमीन. विमानतळाला सपाट आणि विस्तीर्ण जागा लागते, आणि अशी जागा बहुधा नदीच्या गाळाची, खाडीकाठची किंवा भराव घालून केलेली असते. नवी मुंबईचा विमानतळ घ्या: टेकडी कापायची, नदी वळवायची आणि मऊ चिखलावर भराव घालायचा, असे सगळेच तिथे करावे लागले. एक लाख चौरस मीटरच्या पसाऱ्याखाली जमीन एकसारखी असण्याची शक्यता फार कमी. निम्मी इमारत कापलेल्या खडकावर आणि निम्मी भरावावर आली, तर भूकंपात दोन्ही भाग वेगवेगळे हलतात. पाइल वेगळ्या लांबीचे, त्यांचा ताठरपणा वेगळा, आणि वर एकच सलग फरशी. म्हणून बोअर मोजकेच घेऊन भागवू नका. किमान ३० मीटर खोलीपर्यंत मातीच्या थरांतून कातर-लहरींचा (माती आडवी हलवणाऱ्या लहरींचा) वेग मोजून घ्या, भूजल पातळी पावसाळ्यानंतरची घ्या, आणि बारीक वाळूचे थर कुठे आहेत ते नकाशावर दाखवा. २००१ ला कच्छच्या रणात मैलोन्मैल जमिनीतून पाणी आणि वाळू वर आली होती. अशा थरावर टर्मिनल पाइलने वाचवता येते, पण त्याला जोडणारा उन्नत रस्ता, एप्रन (विमाने उभी राहतात ती जागा) आणि धावपट्टी वाचवायची तर माती सुधारण्याला पर्याय नाही. टर्मिनल उभे आणि टॅक्सीवे लाटांसारखा, याला कोणी विमानतळ म्हणणार नाही.

मातीचा दुसरा धडा अहमदाबादने दिला. भूकंपाचे केंद्र तिथून दोनशे किलोमीटरहून दूर होते, तरी साबरमतीच्या खोल गाळावरच्या बहुमजली इमारती पडल्या. तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवण्याची चूक होतीच, पण दुरून येणाऱ्या मंद लहरी खोल गाळात वाढतात हेही खरे. हे लक्षात ठेवा, कारण आयसोलेशनचा विचार करताना नेमके इथेच अडायला होते.

आता आराखडा. टर्मिनल तीनशे-चारशे मीटर लांब असते. काँक्रीट आणि पोलाद अंशामागे दर मीटरला ०.०१२ मिलिमीटर फुगते. ३०० मीटर लांबी आणि ३० अंशांचा फरक धरला तर १०८ मिलिमीटर. म्हणून परंपरेने इमारत तुकड्यांत कापतात आणि मध्ये जॉइंट ठेवतात. भूकंपाच्या प्रदेशात हा जॉइंट बोटभर ठेवून चालत नाही. शेजारचे दोन तुकडे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून दोघांच्या खऱ्या सरकण्याची बेरीज एवढी मोकळी जागा लागते. वरच्याच आकड्याने, एकाच मजल्याच्या उंचीवर १६० अधिक १६०, म्हणजे ३२० मिलिमीटर. आता या फटीवरून प्रवाशांची ट्रॉली जाते, सामानाचा पट्टा जातो, स्प्रिंकलरची पाइप जाते, केबल ट्रे जातात, वर छताचे पन्हाळे जाते. प्रत्येक ओलांडणीला तेवढी हालचाल सोसणारा सांधा लागतो. असे चार जॉइंट घेतले की ओलांडण्या शेकड्याने होतात, आणि भूकंपात त्यातल्या काही हटकून तुटतात. जॉइंटची रेघ नकाशावर ओढण्याआधी आर्किटेक्ट, सामान यंत्रणेवाले, अग्निशमनवाले सगळ्यांना एका टेबलावर बसवा. सामान वर्गीकरणाच्या हॉलमधून जॉइंट नेऊ नका. माझ्या अनुभवात टर्मिनलच्या डिझाइनमधला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस असतो आणि त्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो.

सरकते जिने आणि उंच पोकळ्यांसाठी फरशीत मोठी भोके पडतात. फरशी ही आडवे बळ गोळा करून फ्रेमपर्यंत नेणारी चकती आहे. भोकांमुळे तिच्या अरुंद पट्ट्या उरतात, आणि मॉडेलमध्ये 'रिजिड डायफ्रॅम' ही खूण केली की त्या पट्ट्यांवरचा ताण दिसेनासा होतो. टर्मिनलसाठी ती खूण काढा, फरशी खऱ्या लवचिकतेने मांडा आणि भोकांच्या कडेने ताण नेणाऱ्या सळ्या वेगळ्या मोजून घाला.

आता आयसोलेशन. कल्पना अशी की पाया आणि इमारत यांच्यामध्ये आडव्या दिशेने मऊ असा थर घालायचा, म्हणजे इमारतीचा आवर्तकाल ०.६ वरून ३ सेकंदांच्या आसपास जातो. त्याच आलेखावर ३ सेकंदांना गुणांक ०.४५ आहे. मोठ्या भूकंपाचे बळ वजनाच्या ८२ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांवर येते. एवढे बळ फ्रेमला जवळजवळ विनानुकसान पेलता येते, आणि मजल्यामजल्यातले सापेक्ष सरकणेही खूप घटते. बदल्यात सगळे सरकणे एका पातळीवर गोळा होते: ५ टक्के डॅम्पिंगला (हेलकावे शमवण्याच्या क्षमतेला) सुमारे ३६ सेंटिमीटर. घर्षणाने किंवा शिशाच्या गाभ्याने डॅम्पिंग २० टक्क्यांपर्यंत नेले तर साधारण २५ सेंटिमीटर. आयसोलेशनने सरकणे नाहीसे होत नाही, ते आपण निवडलेल्या जागी आणले जाते. माझ्या मते टर्मिनलसाठी त्याचे खरे मोल हेच आहे. शेकडो ओलांडण्यांऐवजी एकाच पातळीवरच्या ओलांडण्यांची काळजी घ्यायची.

जगातल्या मोठ्या टर्मिनलांनी याच कारणासाठी हा मार्ग धरला. सॅन फ्रान्सिस्कोचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल २००० मध्ये सुरू झाले. सॅन अँड्रियास भ्रंश (भूकंप घडवणारी जमिनीतली भेग) जवळच आहे, म्हणून ते २६७ आयसोलेटरवर उभे केले आणि सुमारे अर्धा मीटर सरकण्याची तयारी ठेवली. इस्तंबूलच्या सबिहा गोकचेन विमानतळाचे सुमारे दोन लाख चौरस मीटरचे टर्मिनल २००९ मध्ये ३०० आयसोलेटरवर उभे राहिले. बीजिंगच्या दाशिंग विमानतळावर, २०१९ मध्ये, हजाराहून अधिक आयसोलेटर वापरले. तिथे टर्मिनलच्या खालून वेगवान रेल्वे जाते, त्यामुळे तो मऊ थर गाड्यांची थरथरही वर येऊ देत नाही. आणि आपल्याकडे भूजचे जिल्हा रुग्णालय २००१ ला कोसळल्यावर त्याच्या जागी शिसे-रबराच्या बेअरिंगांवर नवे बांधले गेले. तुमच्या प्रोजेक्टसाठी ते पाहण्यासारखे आहे. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने जाऊन येता येते.

रबर घ्यायचे की फ्रिक्शन पेंड्युलम? शिसे-रबराचे बेअरिंग न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकात विकसित झाले आणि आजही उत्तम आहे. पण टर्मिनलसाठी माझा कल पेंड्युलमकडे आहे, आणि कारण भौतिकशास्त्राचे आहे. वाटीत सोडलेल्या गोटीसारखी यात इमारत गोलाकार पृष्ठभागावर सरकते आणि स्वतःच्या वजनाने मध्यावर परत येते. आवर्तकाल फक्त पृष्ठभागाच्या त्रिज्येवर अवलंबून असतो, वजनावर नाही. ३ सेकंद हवे असतील तर त्रिज्या सुमारे २.२५ मीटर. शिवाय प्रत्येक बेअरिंगचा प्रतिकार त्याच्यावरच्या भाराच्या प्रमाणात असतो, म्हणून प्रतिकाराचे केंद्र आपोआप वजनाच्या केंद्रावर बसते. टर्मिनलमध्ये एका टोकाला सामानाची जड यंत्रणा आणि दुसऱ्या टोकाला मोकळा हॉल असतो, आणि दर दहा वर्षांनी आतली मांडणी बदलते. तरीही इमारत पिळवटत नाही. रबरात हे साधायला प्रत्येक कॉलमखाली वेगळा ताठरपणा जुळवावा लागतो, आणि मांडणी बदलली की जुळणी बिघडते. पेंड्युलमची नाजूक बाजू म्हणजे घर्षण. ते तापमान, वेग आणि वय यांबरोबर बदलते. म्हणून कमाल घर्षण धरून बळ आणि किमान घर्षण धरून सरकणे, अशी दोन गणिते वेगळी करायची. बेअरिंगचे नमुने पूर्ण भाराखाली, पूर्ण सरकवून तपासून घ्यायचे. २०२२ मध्ये आलेला आयएस १८९३ भाग ६ खास आयसोलेटेड इमारतींसाठी आहे. प्रोजेक्टमध्ये तोच आधार धरा.

आता अहमदाबादच्या संदर्भात म्हटलेली आयसोलेशनची ती अडचण. जमीन फार मऊ आणि खोल गाळाची असेल, तर भूकंप स्वतःच दोन-अडीच सेकंदांच्या लयीत येऊ शकतो. १९८५ ला मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या मातीने हेच केले. अशा जागी आवर्तकाल वाढवणे म्हणजे इमारतीला त्या लयीच्या जवळ नेऊन ठेवणे. तिथे ताठर भिंती आणि खोल पाया बरा. भ्रंशाच्या अगदी लगत असाल तर एकाच मोठ्या झटक्याने सरकणे कोडच्या आलेखापेक्षा बरेच वाढते. म्हणून जागेचा स्वतंत्र भूकंप-अभ्यास झाल्याशिवाय आयसोलेशनचा निर्णय घेऊ नका. गाइडना हे सांगा, त्यांना आवडेल.

छताबद्दल तुम्ही आयसोलेशनइतके विचारलेले नाही, पण इथे विद्यार्थी जास्त अडखळतात. आयसोलेटर आडव्या हादऱ्यापासून वाचवतात, उभ्यापासून नाही. मोठ्या गाळ्याच्या ट्रसचा उभा आवर्तकाल अनेकदा नेमका अशा पट्ट्यात असतो, जिथे भूकंपाची ऊर्जा सर्वाधिक असते. कोड लांब गाळे आणि लांब छज्जे यांसाठी उभे कंपन विचारात घ्यायला सांगतो. झोन ५ मध्ये ते, इजा न होऊ देता, वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत जाते. प्रवेशद्वारावरचा वीस मीटरचा छज्जा ही टर्मिनलची ओळख असते आणि या बळाचा पहिला बळीही तोच असतो. तिथे कोपऱ्यातल्या जोडांची आणि टेकूच्या बोल्टांची ताकद ट्रसच्या सदस्यांपेक्षा जास्त ठेवा.

छताचे कॉलम ही वेगळी गोष्ट. निर्गमनाच्या मजल्यावरून उठणारा कॉलम ६ मीटर आणि तळमजल्यापासून थेट छताला भिडणारा १८ मीटर असू शकतो. एकाच छेदाचे असले तर आखूड कॉलम २७ पट ताठर. छत एकसंध असेल तर जवळजवळ सगळे बळ त्या बिचाऱ्या आखूड कॉलमांकडे धावते. उपाय दोन: आखूड कॉलमांचे माथे सरकते ठेवायचे, किंवा सगळ्या कॉलमांची मोकळी उंची सारखी करायची. इस्तंबूलच्या अतातुर्क टर्मिनलमध्ये १९९९ च्या भूकंपानंतर छताखालच्या कॉलमांच्या डोक्यावर १३० फ्रिक्शन पेंड्युलम बसवले. संपूर्ण इमारत आयसोलेट करणे परवडत नसेल, तेव्हा हा मधला मार्ग फार चांगला आहे, आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये तिसरा पर्याय म्हणून तुलना करण्यासारखा आहे.

आतल्या छताबद्दल, पाइपांबद्दल लिहायला एक वेगळा लेख लागेल. इतकेच सांगतो: ११ मार्च २०११ ला जपानच्या इबाराकी विमानतळात लोकांच्या देखत आतल्या छताचा भाग खाली आला. जपानसारख्या देशात हे होऊ शकते, तर आपल्याकडे 'फॉल्स सीलिंग आर्किटेक्टचे काम' म्हणून सोडून चालणार नाही. टांगलेल्या प्रत्येक वस्तूला तिरपे ताण हवेत, आणि हे स्ट्रक्चरल नकाशांत दिसले पाहिजे.

आयसोलेशन घेतलेत तर इमारतीभोवती रिकामी खाच लागते, तुमच्या हिशेबात निदान ३०-४० सेंटिमीटरची. ती कायम रिकामी राहिली पाहिजे. प्रत्यक्षात काही वर्षांत तिथे कोणी पायऱ्या बांधतो, कोणी कुंड्या ठेवतो, कोणी पेव्हर ब्लॉक घट्ट बसवतो. मग भूकंपात इमारत त्या भिंतीवर आदळते आणि सगळा खर्च वाया जातो. झाकणाच्या पट्ट्या उडून बाजूला सरकतील अशाच करा, आणि 'इथे बांधकाम नको' हे देखभालीच्या कागदांत, इमारतीच्या भिंतीवर, दोन्हीकडे लिहा. बेअरिंगपर्यंत माणूस पोहोचेल, जॅक लावता येईल, एक बेअरिंग बदलता येईल, एवढी उंची त्या मजल्याला द्या. जुलै २०२५ मध्ये आपल्या पादऱ्याजवळ महीवरचा गंभीरा पूल पडला आणि वीसहून अधिक माणसे गेली. प्राथमिक चौकशीत गर्डरखालचे पेडेस्टल आणि सांधे चिरडल्याचे सांगितले गेले. तो भूकंप नव्हता, पण भार एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जातो तो बिंदू डोळ्यांआड राहिला की काय होते, हे बडोद्याच्या इंजिनिअरला आता कोणी समजावून सांगायला नको.

पाण्याचेही तसेच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा तळघरे दिवसचे दिवस पाण्यात होती. आयसोलेटरचा मजला म्हणजे एक तळघरच. सरकणाऱ्या पोलादी पृष्ठभागावर गाळ बसला तर घर्षणाचे सगळे गणित बदलते. पूरक्षेत्रात हा थर पुराच्या पातळीच्या वर, म्हणजे तळमजल्याच्या कॉलमांच्या माथ्याशी न्या.

हरणीच्या टर्मिनलबद्दल. ते ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाले आणि २०१६ च्या कोडप्रमाणे बडोदे झोन ३ मध्ये आहे. झोन फॅक्टर ०.१६, म्हणजे स्पेशल फ्रेमसाठी डिझाइनचे बळ जास्तीत जास्त वजनाच्या ६ टक्के. नर्मदेकाठचे भ्रंश जवळ आहेत आणि मार्च १९७० चा भरूचचा भूकंप जुन्या लोकांना आठवतो, म्हणून झोन ३ ला हलके घेऊ नये. पण इथे एवढ्या आकाराच्या इमारतीला आयसोलेशन घ्या, असे मी सांगणार नाही. तो पैसा माती-तपासणीत, रिंगांच्या दर्जात आणि टांगलेल्या वस्तूंच्या ताणांत घालवला तर जास्त सुरक्षितता मिळते. इथे छताचा मालक भूकंप नसून वारा आहे. बडोद्याचा मूळ वाऱ्याचा वेग कोडमध्ये सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १.१६ किलोन्यूटन दाब. पत्रा आणि ट्रस मिळून छताचे वजनच साधारण १ किलोन्यूटन. भूकंप त्याच्या ६ टक्के आडवे ओढतो, वारा मात्र अख्खे छत उचलू पाहतो. खालची काँक्रीटची फरशी चौरस मीटरला १० किलोन्यूटनच्या घरात, तिथे मात्र भूकंपच राज्य करतो. म्हणजे एकाच इमारतीत वरचे बोल्ट वाऱ्यासाठी आणि खालच्या रिंगा भूकंपासाठी. या दोहोंच्या मधला, पोलादी छत काँक्रीटच्या कॉलमवर बसते तो सांधा दोघांसाठीही तपासायचा. आणि काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून अंडर-रीम्ड (तळाशी फुगीर) किंवा खोल पाइल आणि त्यांना जोडणारे ग्रेड बीम हे इथे नेहमीचेच. तेच ग्रेड बीम भूकंपात पाइलांना एकत्र बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्या सळ्या पाइल कॅपमध्ये पूर्ण लांबीने गाडा.

हरणीला उद्या नवा भाग जोडायची वेळ आली, तर तो जुन्याला खेटून बांधू नका. जुन्या इमारतीचे सळ्यांचे मूळ नकाशे मिळवा, तिचे खरे सरकणे नव्याने मोजा, नव्या भागाचे त्यात मिळवा, आणि तेवढी फट ठेवून वर सरकता पूल टाका. तुमच्या झोन ५ च्या प्रोजेक्टमध्येही भविष्यातली वाढ गृहीत धरून त्या बाजूची खाच आजच मोकळी दाखवा. टर्मिनल वाढत नाही असे होत नाही.